मिरची-भट्टीचा सॉकेट

भांडी धुण्याच्या मशीनचं दार उघडायला कालिनाने हात लावला आणि बोटांच्या पेरांतून काहीतरी सरसरत गेलं. चावलं म्हणावं इतकं नाही, भाजलं तर मुळीच नाही. एखादी मुंगी कातडीच्या आतून, घाईघाईने, पण कुणाला कळू नये अशा बेताने पळून जावी, तसं. तिने हात मागे घेतला आणि बोटांकडे पाहिलं. बोटं होती तशीच होती, टोमॅटोच्या रसाने किंचित लाल, मधल्या बोटावर सालं काढताना लागलेल्या सुरीची बारीक रेघ. मशीनच्या दाराच्या फटीतून वाफ येत होती आणि आतल्या धुतलेल्या बरण्या एकमेकींना टेकून अंघोळ करून बसलेल्या मुलींसारख्या चमकत होत्या. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. सप्टेंबरातली दुपार होती, आणि समोरच्या, बाजूच्या, खालच्या, अशा प्रत्येक बाल्कनीतून भाजलेल्या मिरच्यांचा तो गोडसर, धुरकट वास येत होता, जो या दिवसांत सगळ्या शहराचाच वास होऊन जातो. सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती मुंगी कुठून आली आणि कुठे गेली, हे कळत नव्हतं.

"काय गं, काय झालं?" बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, सिंकपाशी, भाजलेल्या मिरच्यांची सालं ओढत बसलेल्या सासूबाईंनी, पाव्लिनाबाईंनी, मान न वळवता विचारलं.

"करंट लागला, आई. लागला वाटतं."

"वाटतं?" पाव्लिनाबाईंनी मिरचीचा देठ उपटला. "करंट लागला की वाटत नाही, पोरी. लागतोच. माझ्या भावाला लागला होता तर तो कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडला होता."

आणि मग त्यांची नजर खाली गेली. ओल्या फरशीवर कालिनाचे उघडे पाय होते. "आणि सपाता कुठायत तुझ्या? अगं, थंड फरशीवर अनवाणी! अंडाशयांत गारठा शिरला ना, की मग रडू नकोस माझ्याजवळ. अजून एक मूल व्हायचंय या घरात."

लग्न होऊन या घरात आल्यापासून कालिना सपातांशी झगडत होती. दारात जोडे काढायचे आणि लगेच सपातांत पाय घालायचे, हे तिच्या माहेरीही होतंच. पण बुर्गासला, समुद्राकाठी, ती नियम पाळायची तो थंडीत. उन्हाळाभर तिचे पाय वाळूचे असत, घरभर वाळू सांडत असे आणि आई नुसती झाडू घेऊन मागे मागे फिरे. इथे मात्र सपाता म्हणजे कपड्यांसारख्याच. सासऱ्यांच्या तपकिरी, जाड रबरी तळाच्या. सासूबाईंच्या लोकरीचे गोंडे लावलेल्या, पण तळ रबराचाच. नवऱ्याच्या, क्रासिमीरच्या, निळ्या प्लास्टिकच्या, भोकाभोकांच्या. दाराशी पाहुण्यांसाठी वेगळी टोपली. या घरातल्या कुणाचेही पाय कालिनाने कधी पाहिले नव्हते. नवऱ्याचे पाहिले होते, पण तेही अंथरुणात, जिथे पायांकडे कुणी बघत नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने पुन्हा विषय काढला. सासरे, स्तामेन, कारखान्यात जन्मभर फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी आपले सगळे पाने, पक्कड, ड्रिल घरी आणून या दोन खोल्यांवर मोर्चा वळवला. ब्लॉकमधल्या बहुतेक घरांत झालं तेच त्यांनीही केलं, पण स्वतःच्या हातांनी: बाल्कनी काचा लावून बंद केली, स्वयंपाकघर उचलून तिथे नेलं, भिंत फोडून सिंकचे पाइप बाहेर काढले आणि जुन्या स्वयंपाकघराची एक खोली मोकळी केली. त्या खोलीत आधी क्रासिमीर वाढला. आता तिथे कालिनाच्या मुलीचा, एलित्साचा, पाळणा होता, आणि भिंतीवर पिवळ्या बदकांचा कागद. बदकांच्या मागे कुठेतरी जुन्या शेगडीची तार आणि जुन्या नळाचं बूच बुजवलेलं होतं, हे स्तामेन अभिमानाने सांगत. बाल्कनी लांब होती पण अरुंद. सिंक उजव्या टोकाला, मध्ये पाळण्याच्या खोलीचं दार, आणि डाव्या टोकाला बरण्यांची मांडणी आणि मिरच्या भाजायची विजेची भट्टी. त्या भट्टीसाठी स्तामेननी कधीकाळी स्वतः दिव्याच्या तारेतून एक सॉकेट काढला होता. कालिनाच्या आईने नातीच्या वाढदिवसाला भांडी धुण्याचं मशीन पाठवलं तेव्हा सिंकजवळ ते मावेना. म्हणून सिंक एकीकडे आणि मशीन दुसरीकडे, आणि मध्ये दार, अशी ती जोडी जुळवावी लागली. उन्हाळाभर स्तामेन त्यात रमले होते. सिंकखालच्या कॉकला मशीनच्या पाण्यासाठी टी-जोड लावला. मळकं पाणी नेणारा पाइप आधी नुसता जमिनीवरून नेला, तर सिंकमधलं पाणीच उलटं मशीनच्या पोटात आलं. तेव्हा तो मशीनशेजारी खिडकीच्या कट्ट्यापर्यंत उंच चढवला. "पाण्याला आधी डोंगर चढवायचा, मग सोडायचं," ते म्हणाले, "नाहीतर ते आपल्याला विचारतच नाही." मग तो खाली आणून, दारापाशी लाकडाचा एक पोकळ उंबरा करून त्यातून पलीकडे नेला. उंबरा इतका देखणा झाला होता की एलित्सा त्याला धरून उभी राहायला शिकली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन आपल्या छताचा डाग दाखवायची धमकी दिली, पण डाग निघाला जुना, त्यांच्याच गळक्या खिडकीचा. पाण्याची बाजू स्तामेननी जिंकली होती. विजेची बाजू जिंकायची होती असं कुणाच्या मनातच नव्हतं, कारण भट्टीचा सॉकेट तिथे होताच.

"करंट?" स्तामेन उठले, हात पुसत बाल्कनीत गेले. पाठोपाठ सगळेच. मशीन चालू होतं, आतून पाण्याचे सपकारे ऐकू येत होते. त्यांनी उजव्या हाताची बोटं मिटली आणि पालथा हात दारावर ठेवला. "माझा टेस्टर हा. तळहात लावायचा नाही, मूठ आवळली जाते. पालथा लावायचा." मशीन सपकारे मारत राहिलं. "काही नाही."

क्रासिमीरने तर आख्खा पंजा टेकवला, वर रेलून उभा राहिला. "अगं, मशीन आहे हे, घोडा नाही. लाथ नाही मारत."

"मला लागला," कालिना म्हणाली.

"थकलीयेस तू," तो हळू म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मायेचा होता की तिला रडू येईलसं वाटलं. कारण त्या आवाजाला ती ओळखत होती. एलित्सा झाल्यानंतरचं पहिलं वर्ष ती या आवाजात राहिली होती. बाळाच्या नाकाशी हात धरून श्वास बघताना. झोपेतून उठून खिडकीची कडी पुन्हा पुन्हा तपासताना. सिंकखालच्या नळाला कान लावून कुठे टपटप तर होत नाही ना, हे ऐकताना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पहिलटकरणीला असं होतं, जाईल हळूहळू. गेलंही होतं बरंचसं. पण जाताना ते एक करून गेलं होतं: तिच्या शब्दावरचं वजन घेऊन गेलं होतं. ती काहीही म्हणाली की घरातले एकमेकांकडे न बघता एकमेकांकडे बघत. वाईट कुणीच नव्हतं. दुष्ट सासू, कोरडा नवरा, असलं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळे चांगले होते, आणि चांगल्या माणसांनी वेडं ठरवलं की माणूस स्वतःही हळूहळू त्यांच्याच बाजूला जाऊन उभं राहतं. तिने सपाता घातल्या, पुढे झाली, मशीनला हात लावला. काही नाही. गार, गुळगुळीत, निर्दोष पत्रा. पुन्हा लावला. काही नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आपल्याच हाताने आपल्याला खोटं पाडावं, तसं झालं.

त्या रात्री तिला चपटी बॅटरी आठवली. वडील बुर्गासच्या बंदरात रेडिओ दुरुस्त करत. टेबलावर वायरींचा गुंता, वितळलेल्या शिशाचा वास, आणि पितळेच्या दोन पट्ट्या वर काढलेली ती चपटी बॅटरी. जिवंत आहे की मेली, हे बघायला ते ती जिभेला लावत. "तू लाव." तिने डोळे मिटून जीभ पुढे केली होती. आंबट, खारट, आणि त्याखाली एक बारीक थरथर, जणू धातूलाच काहीतरी सांगायचं आहे आणि त्याला शब्द नाहीत. "जिवंत आहे," ती ओरडली होती. वडिलांनी मीटर न लावताच बॅटरी रेडिओत घातली आणि रेडिओ बोलायला लागला. त्यांनी मीटर लावला नव्हता. एवढंच. पुढे तिने विद्यापीठात भूगोल घेतला, नकाशे काढले, नद्यांची खोरी पाठ केली, परीक्षांत वरचे नंबर काढले. पण आपल्या सांगण्यावरून एक आख्खा रेडिओ बोलायला लागला, तसा विश्वास पुन्हा कुणी तिच्यावर टाकल्याचं तिला आठवत नव्हतं. टाकलाही असेल. आठवत नव्हतं.

नंतरचे काही दिवस ती सपाता घालून वावरली आणि मशीन मुकाट चाललं. सासूबाई खूश होत्या. त्यांनी आधी नाक मुरडलं होतं, "भांडी काय, मी आहे की धुवायला," म्हणून. पण ल्युतेनित्साच्या, मिरची-टोमॅटोच्या त्या चटणीच्या, दिवसांत बरण्यांचा डोंगर धुऊन निघतो म्हटल्यावर त्या मशीनला नावाने हाक मारायच्या बाकी होत्या. लाल मिरच्या सोलून, दळून, टोमॅटोत घालून मोठ्या पातेल्यात शिजत ठेवायच्या आणि बरण्या गरम असतानाच भरायच्या, म्हणजे मशीन आणि पातेलं यांची वेळ जुळली पाहिजे. ती जुळवण्यात पाव्लिनाबाईंना लग्न लावल्याचा आनंद होई. "तुझ्या आईचे उपकार झाले बाई," त्या म्हणाल्या, आणि मग लगेच, उपकार फार होऊ नयेत म्हणून, "पण चमचे मात्र नीट निघत नाहीत हं." कालिना हसली. ते दिवस चांगले होते, हे तिला नंतरही नाकारता आलं नाही. एलित्सा उंबऱ्याला धरून उभी राही, सासऱ्यांच्या हातातली भाजलेली मिरची ओढी, तोंड वाकडं करी आणि पुन्हा मागे. आणि कालिना मशीनजवळून जाताना श्वास धरून जाई.

मग एका सकाळी, पातेलं शिजत असताना, तिने बाल्कनी धुवायला घेतली. मिरच्यांचा चिकट रस सगळीकडे होता. सासूबाई पाव आणायला खाली गेल्या होत्या. सपाता भिजतील म्हणून तिने काढून कट्ट्यावर ठेवल्या, अगदी सहज. फडक्याने मशीनची कड पुसली आणि मुंगी पळाली. पेरांतून मनगटाकडे. तिने हात काढला नाही, पुन्हा लावला. पुन्हा. बारीक, अखंड, गुणगुणणारी थरथर, बॅटरीसारखी. तिने कट्ट्यावरच्या सपाता खाली टाकल्या, त्यांत पाय घातले आणि हात लावला. काही नाही. सपाता काढल्या. मुंगी. घातल्या. नाही. ती ओल्या फरशीवर उभी राहून असा खेळ करत होती, आणि खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर त्यांनी नक्कीच मान हलवली असती. पण तिच्या आत काहीतरी हळूहळू, अतिशय शांतपणे, आपल्या जागेवर येऊन बसत होतं. मशीन खोटं बोलत नव्हतं. तीही नव्हती. खोटं बोलत होत्या त्या सपाता. आणि या घरात सपाता न घालणारी माणसं दोनच होती. ती, आणि...

तिने मागे पाहिलं. उंबऱ्यावर हात टेकून, गुलाबी पावलं ओल्या फरशीवर रोवून, एलित्सा उभी होती. लंगोटावर, तोंडाला मिरचीची लाली. एक हात सोडला. एक पाऊल. आयुष्यातलं पहिलं, बहुतेक; कालिनाला ते पाऊल नंतर किती वेळा आठवायचं होतं, पण त्या क्षणी ती नुसतीच अंतर बघत होती. दुसरं पाऊल, आणि तोल जाऊन मुलीचा पंजा मशीनच्या चकचकीत दारावर पडला. मुलगी रडली नाही. तिने हात उचलला, तळवा स्वतःकडे वळवला आणि त्याच्याकडे बघत राहिली, आपल्याला कुणीतरी हाक मारली पण कोण ते दिसत नाही, अशा चेहऱ्याने. कालिनाने झेप घेऊन तिला उचललं. भीतीच्या बरोबरीने आणखी काहीतरी होतं, त्याची तिला लाज वाटली, आणि तरी ते होतंच: साक्षीदार मिळाल्याचं समाधान.

"बाबा!" तिने हाक मारली. पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने.

स्तामेन वर्तमानपत्र हातात घेऊनच आले. मागोमाग पाव घेऊन सासूबाई दारात. क्रासिमीर कामावर होता, आणि बरं झालं, असं तिला वाटलं. त्याचा मायेचा आवाज आज नको होता.

"बाबा, सपाता काढा."

"काय?"

"सपाता काढा. मोजेही. आणि फरशीवर उभे राहा, आणि हात लावा. पालथाच लावा."

"अगं बाई, वेड लागलं का तुला!" पाव्लिनाबाई ओरडल्या. "या वयात ओल्या फरशीवर! त्याच्या मूत्रपिंडाला गारठा लागला तर?"

"आई, एलित्साला लागला करंट. आत्ता. मी पाहिलं."

बाल्कनीत पातेलं बुडबुडत होतं. स्तामेननी सुनेकडे पाहिलं. ती त्या एकमेकांकडे न बघता बघण्याची वाट बघत होती. पण ते बायकोकडे वळले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र कट्ट्यावर ठेवलं, खुर्चीवर बसले आणि एक तपकिरी सपात काढली. मग दुसरी. मग मोजे, एकेक करून, बोटांशी ओढत, न घाबरता पण न घाई करता, जसं डॉक्टरासमोर काढतात. त्यांचे पाय पांढरे होते, उन्हाने कधी न पाहिलेले, डाव्या पायाचं मधलं बोट शेजारच्यावर चढलेलं, घोट्यावर मोज्याच्या रबराचा वळ. लहान मुलाच्या पायांसारखे उघडे. कालिनाने नजर वळवली. तो माणूस उठला, ओल्या फरशीवर उभा राहिला, त्याने पालथा हात दारावर ठेवला आणि लगेच काढला.

"हं," ते म्हणाले.

पुन्हा ठेवला. या वेळी जरा जास्त वेळ, डोळे मिटून.

"बारीक आहे. पण आहे." ते सॉकेटकडे वळले आणि त्यांनी प्लग उपटून काढला. पाणी अर्ध्यावर थांबलं, मशीनच्या पोटात एक उसासा झाला. "दोनच तारा ओढल्या होत्या मी. भट्टीला काय लागतं, म्हटलं. तिसरी तार, जमिनीची, ती नाहीच तिथे. मशीनने आपला उरलेला करंट टाकायचा कुठे? तुझ्या पायांतून टाकत होतं बिचारं." ते बरण्यांच्या पालथ्या खोक्यावर बसले, उघडे पाय पुढे. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "पाव्लिना. इतकी वर्षं तू इथे मिरच्या भाजत्येस."

"सपाता घालून!" पाव्लिनाबाईंनी पाव छातीशी धरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खाली आला नाही. "आणि इतकी वर्षं मी घसा फोडून सांगत्ये, सपाता घाला, सपाता घाला, तर माझी टिंगल! बघितलंस? जगलो ते कशामुळे?"

स्तामेन हसायला लागले. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. कालिनालाही हसू फुटलं, एलित्सा दोघांकडे आळीपाळीने बघत आपला तळवा अजून तपासतच होती. आणि पातेलं खाली लागलं. ल्युतेनित्सा करपल्याचा वास आला तेव्हा पाव्लिनाबाईंनी पाव फेकला आणि धावल्या. सपाता फटफटत.

त्याच दिवशी पाळणा बाजूला झाला. स्तामेननी बदकांच्या कागदावर टिचक्या मारत भिंत ऐकली, पोकळ आवाज आला तिथे कागद सोलला, एका बदकाचं डोकं गेलं. आत जुन्या शेगडीची जाड तार निघाली, तीन धाग्यांची, जमिनीच्या तारेसकट. "ही मी विसरलोच होतो," ते म्हणाले, स्वतःशीच. मग त्यांनी, ज्यांना ब्लॉकमधले सगळे नळ नि सॉकेटसाठी बोलावत, क्रासिमीरला सांगितलं की तुझ्या ओळखीच्या वायरमनला बोलाव, त्याला सगळं तपासू दे. वायरमन आला, मशीन त्या जाड तारेवर जोडून दारावरच्या फळीवर एक नवा स्विच बसवून गेला, जो जरा काही इकडेतिकडे झालं की आपणहून पडतो. क्रासिमीर संध्याकाळी मशीनसमोर उकिडवा बसला होता. "सांगितलं होतंस तू," तो म्हणाला. नेहमीचा आवाज नव्हता, किंचित जाड होता. "मी रेललो होतो वर. घोडा नाही म्हणालो होतो."

"घोडा नव्हताच," कालिना म्हणाली. "मुंगी होती."

आता ऑक्टोबर आला आहे. मिरच्या संपल्या, रस्त्यावरच्या लिंडेनच्या झाडांची पानं काचांवर येऊन चिकटतात. बरण्या मांडणीवर रांगेत आहेत, त्यांतल्या काहींना करपल्याची किंचित चव आहे, आणि पाव्लिनाबाई त्या पाहुण्यांना आग्रहाने देतात: "यात धुराचा स्वाद आहे, मुद्दाम." स्तामेननी एक सवय लावून घेतली आहे. रविवारी मशीन चालू झालं की ते बाल्कनीत येतात, बायकोची पाठ असली की एक सपात काढतात, पाय फरशीवर टेकतात, पालथा हात दारावर ठेवतात. "गप आहे," ते म्हणतात, आणि सपात घालतात. त्यांना तपासायची गरज नाही, हे त्यांनाही माहीत आहे. कालिना ते बघते. तिला खिडकीच्या कड्या आठवतात. आपल्यासारखंच कुणीतरी घरात आहे, याचं तिला बरं वाटतं.

या रविवारी ती सिंकपाशी होती. हात फेसात, मोठं पातेलं मशीनमध्ये मावत नाही म्हणून घासत. मागून मशीनचे सपकारे येत होते, डोंगर चढून पाणी उंबऱ्यातून तिच्या पायांजवळ उतरत होतं, आणि एलित्सा कुणाला काही न सांगता, उंबरा ओलांडून, चार-पाच पावलं टाकत पलीकडे गेली होती. ओल्या फरशीवर, अनवाणी. तिने दोन्ही पंजे कोमट दारावर ठेवले, गाल टेकवला आणि आतला आवाज ऐकत राहिली. कालिनाने मान वळवून पाहिलं, पातेल्याची कड धुतली, पालथं घातलं, फडकं पिळलं. मग तिच्या लक्षात आलं, की एरवी रोज बघते तसं आज मशीनला आधी हात लावून बघायचं राहून गेलं.

"कालिने!" आतून हाक आली. "पोरीच्या पायांत काही आहे का गं?"

"नाही, आई," ती म्हणाली, आणि स्वतःच्याही सपाता काढून पायाने कट्ट्याखाली सरकवल्या.